घोरणं कंठ्य, कारण नासिक्य

५ जानेवारी, सातारा
सौ. सांगलीला भावाकडे गेली. निमित्त : झोप. "घोरणं थांबलं की कळवा, येते." मी घोरतो हे मला मान्य नव्हतं, म्हणून जाण्याआधी तिनं फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकवलं. गडगडाट, मग एकदम शांत, मग स्फोट. "त्या शांततेला मी घाबरते," म्हणाली. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा बोलली...

८ जाने.
सौ.चा फोन. सांगलीत नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे नंबर लावलाय. बारमाही चोंदलेलं नाक मी आजवर स्वभावातच धरत होतो.

१० जाने., सांगली
डॉक्टर म्हणजे शाहीन! वडूजच्या शाळेतली माझी विद्यार्थिनी. 'ण'चा 'न' करायची. संस्कृतच्या तासाला मी वर्गासमोर वीस वेळा 'बाणः' म्हणायला लावायचो.
"सर, लय दिवसांनी!" नाकाखाली थंड धातूची पट्टी धरली. उजवीकडे श्वासाची वाफ टिकलीएवढी, डावीकडे कोरडं.
"'नमः' म्हणा."
म्हटलं.
"'दबः' आलं, सर."
म्हणजे इतकी वर्षं देवाला 'दबः'. त्यानं कधी चूक काढली नाही. सौ. भिंतीवरचा तक्ता वाचत हसत होती.
"आत सूज, पडदाबी वाकडा. नाक बंद म्हणून तोंड उघडं, मग जीभ मागं पडते, टाळू फडफडतो." इतका स्वच्छ अन्वय मी वर्गात कधी लावला नसेल.
सौ. : "थांबेल ना?"
"काकू, खोटं न्हाई सांगत. नाक मोकळं होईल, घोरणं कमी होईल. थांबेलच असं न्हाई. मधे श्वास अडतोय, त्याची झोपेतली तपासणी आधी. ऑपरेशनचं मग."
खोटी आशा लावली नाही पोरीनं. तेव्हा मी हिला तोंडी परीक्षेत किती दिले होते? कमीच.
निघताना : "स्प्रे रोज. आणि 'नमः' वीस वेळा." उपचार की सूड, विचारलं नाही.

२ फेब्रुवारी, सातारा
उजवीकडून वारा सुरू. 'न' आला, 'म' वाटेवर. शाहीनला आवाज पाठवला. उत्तर : "पास. काठावर."

६ फेब्रु.
तपासणी पुढच्या आठवड्यात. सौ. आज न कळवताच हजर.
"थांबलं नाहीये अजून," मी प्रामाणिकपणे सांगितलं.
"ठाऊक आहे. तिथंही झोप कुठं लागत होती? इथं तुमचा आवाज बंद पडला तर हलवणार कोण?"
तिनं आपली गादी बाहेरच्या खोलीत टाकली आहे. उशी मात्र माझ्या खोलीत.