थेंबातली भिंगरी

३ फेब्रुवारी, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस आणि मी चक्क वेळेवर पोचले. सकाळी मावशीनं आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली की आज सूर्य कुठून उगवला ते गच्चीत जाऊन बघून येते. तिच्याकडे राहायला येऊन मला थोडेच दिवस झालेत, पण माझी धरसोड ती लहानपणापासून ओळखून आहे. शिवणकाम सोडलं, शिकवण्या सोडल्या, दुकानातलं काम तर सुरू व्हायच्या आधीच सोडलं. हे मात्र सोडायचं नाही. म्हणून ही नवी वही.

कारखाना म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेर विक्रीचं टेबल, आत काम. मालकीणबाईंना सगळे ताई म्हणतात, मीही लगेच म्हणायला लागले. त्या रेझिनच्या लहान लहान शोभेच्या वस्तू करतात. झुमके, किचेन, लॉकेटं, पुस्तकात ठेवायच्या खुणा. पाण्यासारखं नितळ रेझिन, त्यात ते घट्ट करणारं हार्डनर, मग हवा तो रंग, आणि सगळं सिलिकॉनच्या मऊ साच्यात. दुसऱ्या दिवशी साचा मागून दाबला की वस्तू टुणकन बाहेर. मी आज एक निळं पान काढलं. कडा खरखरीत राहिल्या, त्या ताईंनी पॉलिशपेपरनं घासून दाखवल्या आणि म्हणाल्या, हात चांगला आहे तुझा. माझ्या हाताला कुणी चांगलं म्हटल्याला जमाना झाला होता. घरी येईपर्यंत मी बोटांकडेच बघत होते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

रंगाचं आता जमतंय. काडीच्या टोकावर येईल एवढा रंग पुरतो. हात सैल सोडला की वस्तू चिखल दिसते. बुडबुडे वर आले की लायटरची ज्योत जरा लांबूनच फिरवायची, ते आपोआप फुटतात. हा भाग मला फार आवडतो.

ताईंचा एकच जाच आहे, तो म्हणजे वजनकाटा. हे नवं रेझिन वजनावर मोजायचं, कपाच्या खुणांवर नाही, असं त्या येताजाता बजावतात. हार्डनर हलकं असतं म्हणे, खुणेवर मोजलं की प्रमाण चुकतं आणि वस्तू कधीच सुकत नाही. मी मान डोलावते. आमटीत मीठ टाकायला मला कधी काटा लागला नाही, हे काही मी त्यांना सांगितलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज एक बाई आल्या होत्या. पन्नाशीच्या आतल्याच असतील, पण चालत होत्या सत्तरीच्या असल्यासारख्या. त्यांची मुलगी गेल्या वर्षी तापानं गेली. शाळेत जायची. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण एका जागी बसायची नाही. तिच्या केसांची एक लहानशी बट त्यांनी रुमालात बांधून आणली होती. ती थेंबाच्या आकाराच्या लॉकेटमध्ये घालून हवी होती, म्हणजे गळ्यात राहील.

ताईंनी त्यांना सुचवलं की निम्मे केस घरी ठेवा. पण त्या म्हणाल्या की आता हिला दोन ठिकाणी कशाला ठेवू, आधीच एक जागा धरायची नाही ती. आणि स्वतःच हसल्या. मग ताईंनी त्यांचा हात धरून सांगितलं की काळजी करू नका, केसालाही धक्का लागणार नाही. आपण काय बोललो हे ताईंच्या लक्षातही आलं नाही. मला मात्र हसू आलं आणि ते लपवायला मी साचे आवरत बसले.

हे काम ताईंनी माझ्यावर सोपवलंय. मी घरी आल्या आल्या मावशीला सांगितलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

थेंब ओतला. ताई सामान आणायला गेल्या होत्या. काट्यावर कालचा हिरवा रंग सांडून वाळला होता, तो खरवडायचा मला कंटाळा आला. कपाच्या खुणा होत्याच की. अंदाजपंचे ओतलं, ढवळलं, बट आत सोडली. फार सुंदर दिसत होती. सरळ, काळी, टोकाला किंचित तपकिरी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

हे लिहायचं नव्हतं.

थेंब सुकलाच नाही. वरून साय धरल्यासारखा, आत डिंक. साच्यातून काढायला गेले तर निम्मा साच्यात राहिला आणि निम्मा माझ्या हातमोज्यांना चिकटला. केस सोडवायला गेले तशी बट तुटत गेली. पुसायच्या द्रावणानं पुसली, गरम पाण्यात धरली. शेवटी हातात एक चिकट गोळा उरला. एका आईचं सगळं, आणि मी ते कागदात गुंडाळून कचऱ्याच्या पिशवीत, तळाशी घातलं.

ताई बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होत्या. मी उठून सांगू शकले असते. दोन पावलांवर होत्या. पण मला त्यांचं तोंड दिसायला लागलं, आणि मावशीचं, ती म्हणाली असती की बरं, आता पुढची नोकरी कोणती. मी कात्री घेतली आणि माझ्या मानेवरची एक बट कापली. माझेही केस काळेच आहेत. या वेळी काटा खरवडून साफ केला आणि थेंबन्‌थेंब वजनावर मोजला.

ताईंना सांगितलं की बुडबुडा राहिला होता, म्हणून पुन्हा ओतला. त्या शाबास म्हणाल्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

भिंगरीची आई थेंब घेऊन गेल्या. उजेडात धरून बराच वेळ बघत होत्या. मग ओठांना लावला. मला म्हणाल्या, तुझ्या हाताला यश आहे गं. आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. शब्दशः हेच. संडासात जाऊन नळ सोडून रडले.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुपारी मावशीबरोबर लसूण सोलत होते. कुणीतरी माझ्या टाळूवरून अंगठा फिरवला. सावकाश, पुन्हा पुन्हा, जशी एखादी वस्तू चाळा म्हणून कुरवाळतात तसा. मागे वळले तर कुणी नाही. मावशी म्हणाली, काय झालं, उवा झाल्या की काय.

मी हसले. अंगठा थांबला नव्हता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आता रोज होतं. अंगठा, मग गरम श्वास, मग कानाशी बोलणं. आज काय भाजी केली, पडदे धुतले, तुझ्या मैत्रिणीची आई भेटली. सगळं भिंगरीला सांगितलेलं. मधेच अंधार होतो आणि अंगाला साबणाचा आणि घामाचा वास येतो. पदराखाली असते मी तेव्हा.

भीती वाटते, पण त्याहून जास्त शरम वाटते. चोरून ऐकतेय मी. ज्या मुलीचं हे सगळं, तिला मी कचऱ्यात टाकलंय.

मानेवर जिथली बट कापली तिथे कातडी गुळगुळीत झालीय. नख लावलं की टक वाजतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

भिंगरीची आई आज कारखान्यात आल्या. ताठ चालत होत्या. ताईंना सांगत होत्या की आता जेवण जातं, झोप लागते. थेंब ऊबदार लागतो म्हणाल्या. आणि हळूच म्हणाल्या की आतले केस वाढलेत.

ताई हसल्या, थेंब भिंगासारखा असतो, त्यामुळे तसं दिसतं म्हणाल्या. मी पाहिलं. बट थेंबाला आतून वेढे घालून बसली होती.

घरी येऊन वेणी घालायला गेले तर वेणी खांद्यापर्यंतच आली. मावशीनं विचारलं, कधी कापलेस केस. मानेला हात लावला तिनं, आणि तिचं बोट घसरलं. नंतर स्वयंपाकघरात तिनं हात पुन्हा पुन्हा धुतले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगून टाकलं. काम संपल्यावर त्यांच्या घरी गेले आणि दारातच सगळं सांगितलं. काटा, डिंक, कचरा, माझी बट. पाय धरले.

त्यांनी मला उठवलं. म्हणाल्या, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझ्या पोरीचे केस सरळ होते. हे कुरळे आहेत.

मग का नेला, मी विचारलं. त्या म्हणाल्या, रिकाम्याशी बोलून बोलून थकले होते गं. यात निदान कोणीतरी आहे.

मी थेंब परत मागितला. त्यांनी मूठ आवळली, आणि माझा श्वास – खरंच अडकला. मूठ सैल केली तेव्हा सुटला. रागावल्या नव्हत्या. माझे डोळे पुसले. मी हाक मारली की ओ देत जा, म्हणाल्या. लाजू नकोस.

२२ फेब्रुवारी, शनिवार

कामावर गेले नाही. गुडघे वाकत नाहीत. सगळं पिवळसर दिसतं, मधातून बघितल्यासारखं. मावशी दारात उभी राहून बोलते, आत येत नाही. तिचा आवाज लांबून –

त्या हाक मारतात. भिंगरी. भिंगरी. मी ओठ दाबून धरते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

थेंबावर चरा पडलाय. त्या म्हणाल्या आत्ता, मला, पदराखाली. आज ताईंकडे नेणार. वरून नवा जाड थर घालून घेणार. म्हणजे काही आत-बाहेर व्हायला नको.

ताईंना फोन करायचा. एवढंच सांगायचं – ओतू नका. पण का ते विचारतील. मग सगळंच –

फोन हातात आहे. नंबर काढलाय. कसं सांगू. काय तोंडानं.

नंतर

सकाळीच करायला हवा होता. आता बोटं मिटत नाहीत, पेन कसंबसं – जीभ जड. लाज वाटली म्हणून. फक्त लाज वाटली म्हणून –

ताईंचा आवाज. कपात काडी फिरतेय. गोल. गोल. ताई म्हणतायत, आता कायमचं बसेल हे, बघा तुम्ही.

ताई, मी आहे आत. ओतू नका. ओरडले – ‘ओतू’मधलं पहिलं अक्षरच निघालं. तेवढंच.

त्या हसल्या. ताईंना म्हणाल्या, ऐकलंत, ओ दिली तिनं –

पुन्हा हाक मारतायत. गरम येतंय वरून. ओत – ओ

ओ