अल्टरच्या गाठी

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

सकाळचे सहा वीस. शर्टासाठी इस्त्री तापत ठेवली आहे, तेवढ्यात लिहितो.

काल शिलाईच्या कारखान्यात पुन्हा तेच. तिथल्या रोशनी दीदींनी सगळ्यांसमोर विचारले, "काय बड्डे, मुंह में धागा भरा है?" बड्डे म्हणजे इकडे भाऊ. सगळे हसले. मीही हसलो. उशिरा हसलो, म्हणून पुन्हा हसले.

माझ्याआधी फिनिशिंगला जो होता, तो लेडीज सूट उलटा करून पाहायचा आणि शिलाई वाकडी दिसली की अल्टरला, म्हणजे दुरुस्तीला, शिवणाऱ्याच्या अंगावर फेकायचा म्हणे. "ये लो, अल्टर! आंखें घर छोड़ आए?" शिवणारा दोन शिव्या द्यायचा, सगळे हसायचे, विषय संपायचा. मला हे जमत नाही. माणसाची चूक ओरडून काय सांगायची? मी चुकीच्या जागी पांढऱ्या दोऱ्याची बारीक गाठ बांधतो, घडी घालतो आणि ज्याच्या त्याच्या टोपलीत ठेवून येतो. कोणाला कळत नाही, कोणाची लाज जात नाही.

मला वाटले होते, त्यांना हे आवडेल.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

एकवीस सूट. गाठी तीनच. बरा दिवस.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

नईम भाई बोलले. ते सगळ्यांत जुने कारागीर. मशीन थांबवून माझ्याकडे वळले. हातात मी ठेवलेला कुर्ता होता, गाठीवर बोट. म्हणाले, "सबके सामने गाली दे दे, मंजूर है। ये चुपचाप गांठ बांधना — ये तो हिसाब रखना हुआ।"

तसे नाही, असे म्हणायचे होते. हिंदीत वाक्य जुळवेपर्यंत मशीन सुरू झाले.

तुमसरहून या हिंदी मुलखात येऊन आठ महिने झाले. हिंदी सगळी कळते, पण बोलताना अजून आधी मनात लिहून पाहावी लागते. तोवर बोलणे पुढे गेलेले असते.

शनिवार, ८ नोव्हेंबर

वाईट झाले. मी खाली पाणी भरायला गेलो होतो. तेवढ्यात सेठजी वर आले आणि नईम भाईंच्या टोपलीतले कुर्ते उचलून पाहू लागले. सहा कुर्ते, सहा गाठी. मी वर आलो तर लग्नाच्या लॉटचे कापड नईम भाईंच्या मशीनवरून उचलून दुसऱ्याकडे दिलेले. त्यात दर जास्त मिळतो. नईम भाई माझ्या हातातल्या बादलीकडे बघत राहिले. जणू मी मुद्दाम बाजूला झालो होतो.

सोमवार, १० नोव्हेंबर

दिवसभरात माझ्याशी एकच माणूस बोलला — लेसवाला. तोही संडास कुठे आहे ते विचारायला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

माझे नाव पडले आहे. 'सेठ का कैमरा'. रोशनी दीदींनीच सांगितले. म्हणाल्या, मी तुझ्याशी बोलते हे बाकीच्यांना सांगू नको. मी कोणाला काय सांगणार? माझ्याबद्दल तक्रारच ती आहे — मी बोलत नाही!

सूट आता टेबलावर ठेवत नाहीत, जमिनीवर टाकतात. एकेक उचलून झटकतो. पाठ दुखते.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज ठरवले, गाठ बांधायचीच नाही. चालवून घ्यायचे. दुपारपर्यंत चालवले. मग एका कुर्त्याचा गळा डावीकडे ओढलेला दिसला. पिशवीत भरला. परत काढला. परत भरला. कोणीतरी मुलगी तो घालून आरशासमोर उभी राहील आणि तिला वाटेल, आपलाच खांदा वाकडा आहे.

काढला. बांधली गाठ.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

तो गळा नईम भाईंचाच निघाला. त्यांनी कुर्ता माझ्या टेबलावर आपटला आणि सेठजींना हाक मारली. म्हणाले, हा राहील नाहीतर मी. सेठजी मला म्हणाले, तुला काही सांगायचे आहे? सगळे माझ्याकडे पाहत होते. मी मनात हिंदी वाक्य जुळवत राहिलो.

सेठजींनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "शनिवार को आते ही राजीनामा कर लो। रोज-रोज का टंटा खतम करो।" आणि खाली निघून गेले.

संपले.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आठवड्याची सुट्टी. जिच्या घरी राहतो त्या भागीरथा मावशीला सकाळीच सांगितले, माझा राजीनामा मागितला. तिच्या हातातले लाटणे थांबले. "काहून? तू तर एवढं नीट काम करून राहिला!" मग म्हणाली, "विचारलं काहून नाही, की माझी चूक काय?" मी ताटाकडे पाहत बसलो. "असाच गप बसला असशील तिथं," म्हणाली आणि पोळी करपली.

काका रेल्वेत ओळख काढतो म्हणाले. या कांचघर मोहल्ल्यात आणखी किती दिवस मावशी-काकांच्या घरी राहायचे? तुमसरला दादाकडे गेलो तर वीटभट्टी. तिथे वीट सरळ की वाकडी हे कोणी पाहत नाही. इथे पाहणे हेच काम होते. असे काम मला पुन्हा मिळणार नाही.

दुपारी कागद लिहिला. सेठजी 'कर लो' म्हणाले होते, 'दे दो' नाही. आपल्याकडे राजीनामा देतात, हिंदीत करत असतील. म्हणून तसेच लिहिले. पाच वेळा खाडाखोड, सहाव्यांदा स्वच्छ:

"मैं अपनी खुशी से राजीनामा करता हूं। मुझे किसी से कोई शिकायत नहीं। मुझसे किसी का दिल दुखा हो तो माफ करें। — अश्वजीत।"

'अपनी खुशी से' खोटे आहे. पण असे लिहायची रीत आहे.

पिशवी भरून ठेवली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

संध्याकाळचे सात.

कागद दिला आणि वळलो. सेठजी म्हणाले, "अरे कहां चले? दूसरे के दस्तखत?" मला कळेना. त्यांनी नईम भाईंना खाली बोलावले. नईम भाईंनी चष्मा लावून कागद वाचला. दोनदा वाचला. "मुझसे छोटा है, और पहले इसने लिख दिया," म्हणाले. कानामागचे पेन काढून माझ्या नावाखाली सही केली आणि मला जवळ ओढले.

इथे राजीनामा म्हणजे समेट. कोर्टातही हाच शब्द. नोकरी सोडण्याला इस्तीफा म्हणतात — रोशनी दीदींकडून हळूच विचारून घेतले.

त्यांना वाटते, मी हात पुढे केला. मी तर निघून चाललो होतो.

कागदावर आता दोन सह्या आहेत. खरे सांगितले तर नईम भाईंची फुकट जाईल.

नाही सांगणार.