हजेरीत नसलेली हन्ना

गुरुजी, तुमचे चिरंजीव मागच्या महिन्यात माझ्या टेबलासमोर उभे होते. मी नगरपरिषदेत जन्म-मृत्यू नोंदणीचं काम बघते. या खुर्चीत आले ती तुम्ही वारल्यावर पुष्कळ वर्षांनी. त्यांनी मला ओळखलं नाही. त्यांच्या लेकीचं माहेरी बाळंतपण झालं होतं आणि नातीचं नाव दाखल्यावर लावायचं होतं. अर्ज पुढे सरकवून ते म्हणाले, "हन्ना. न ला न जोडून लिवा मॅडम, चुकवू नका."

मी मान खाली घालून अर्ज वाचत राहिले. तुम्हाला आठवत नसेल, पण मला तुमच्या शाळेतला पहिला दिवस अजून स्वच्छ दिसतो. आईने मला नवा परकर शिवून घातलाय, वडील लष्करात, लांब कुठेतरी सीमेवर, म्हणून तिलाच यावं लागलंय. तुम्ही नाव विचारता. आई पदर सावरून सांगते, हन्ना. तुम्ही लेखणी थांबवता आणि वर्गाकडे बघत म्हणता, "हन्ना? हाणा म्हणतीस का काय? उद्या पोरं खरंच हाणतील हिला." सगळा वर्ग हसतो. मीही हसते, कारण सगळे हसतायत. मग तुम्ही आईला न विचारता हजेरीत दुसरंच नाव लिहिता. ते नाव मी या कागदावर लिहिणार नाही. दाखल्यापासून पेन्शनच्या कागदापर्यंत सगळीकडे तेच आहे, तेवढं पुरे.

घरी आल्यावर मी आईला विचारलं होतं की तू काही बोलली का नाहीस. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. म्हणाली, "मास्तरास्नी काय म्हणायचं? शिकल्याली माणसं ती." पण त्या दिवशी पहिल्यांदा तिने मला त्या नावाची गोष्ट सांगितली. माझ्याआधी तिची तीन बाळं गेली होती. चौथ्या खेपेला तिला मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं, तिथे एक ख्रिस्ती नर्स रोज तिच्या उशाशी बसायची. तिने आईला त्यांच्या जुन्या ग्रंथातल्या हन्नाबद्दल सांगितलं. तिला मूल नव्हतं, सवत टोचून बोलायची. हन्ना देवळात जाऊन नुसते ओठ हलवत रडत बसली, तर तिथल्या पुजाऱ्याला वाटलं, बाई दारू पिऊन आलीय. पुढे तिची कूस उजवली. नावाचा अर्थ कृपा. आईने धर्म बदलला नाही, देव्हारा हलवला नाही. फक्त मी जगले तेव्हा ते नाव मला ठेवलं. वडिलांनी पत्रातून कळवलं, तुला पटतंय तर ठेव.

तुम्ही वाईट शिक्षक होता असं मी म्हणणार नाही. चौथीच्या स्कॉलरशिपला मी आले तेव्हा तुम्ही सांगलीहून शाईचं पेन आणलंत. त्यावर नाव कोरून घेतलं होतं, तुम्ही दिलेलं. सगळ्या शाळेसमोर तुम्ही ते माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "आता हे नाव मोठं कर." मी वाकून नमस्कार केला. आई मागे उभी होती, तिला वाचता येत नव्हतं, तिने विचारलं काय लिवलंय. मी सांगितलं, माझं नाव. ती खूश झाली. तिला वाटलं, हन्ना.

पुढे त्या नावाने मला घरात एकटी तीच हाक मारायची. सात वर्षांपूर्वी तिला सांगलीत अतिदक्षता विभागात ठेवलं. एका वेळी एकालाच आत सोडायचे, पासवर नाव लिहून. मी दोन दिवस धाकट्या भावाला आत पाठवत होते, कारण डॉक्टरांशी बोलायला तो बरा. तिसऱ्या दिवशी दुपारी एक सिस्टर बाहेर येऊन मला म्हणाली, "त्या सारख्या हन्नाला बोलवा म्हणतायत. तुमची बहीण आहे का? कधी येणार ती?" मी म्हटलं, मीच हन्ना. तिने माझ्या गळ्यातला पास वाचला, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, थांबा, विचारून येते. ती विचारून आली तोवर आतली धावपळ सुरू झाली होती. गुरुजी, माझी आई मी दारात उभी असताना माझी वाट बघत गेली.

या टेबलावर बसून मी नावं येताना-जाताना बघितली आहेत. सुरुवातीला हन्ना लिहायला चर्चजवळच्या वस्तीतलं एखादं घर यायचं, तेही दबकत. आता विट्याची, सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांची माणसं येतात, आष्ट्याचे बागायतदार येतात, मोबाईल पुढे करून दाखवतात. मीही वाचलं सगळं. हिब्रू नाव, कित्येक शतकांचं. तेच पुढे ॲना झालं, ॲन झालं, राण्यांना ठेवलं गेलं. तुमच्या हजेरीत तेवढी जागा नव्हती.

तुमच्या मुलाला मी विचारलं, हेच नाव का. ते खुलले. म्हणाले, "इंग्रजीत उलटं वाचलं तरी तेच येतंय. अर्थबी चांगला हाय, कृपा. आमचे वडील मास्तर होते, नावाच्या बाबतीत लय काटेकोर. आज असते तर त्यांनाबी आवडलं असतं."

मला बोलता आलं असतं. शाळेपासूनचं बोलणं तोंडाशी आलं होतं. मी एवढंच म्हटलं की सर्व्हर बंद आहे, आठवड्याने या. ते एकदा आले, पुन्हा आले, उन्हात बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मी दोन्ही वेळा तेच सांगितलं. त्यानंतरच्या खेपेला दाखला दिला. नाव बिनचूक होतं, न ला न जोडून. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, पण तुम्हाला सांगून टाकते. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी याआधी कुणाला असं ताटकळत ठेवलेलं नाही. सर्व्हर पहिल्या दिवसापासून चालू होता.