पोटभर

प्रिय आई,

फोनवर तू विचारलंस, "नात जेवते का गं?" मी "पोटभर" म्हणाले. नळीचं बोललेच नाही.

गेल्या मंगळवारी डॉक्टर म्हणाले, चिमणीला गिळताना दम लागतो, म्हणून वजन घटतंय. नळी घालायला मी सही केली. नर्सताई नाकातून नळी सरकवत म्हणत होत्या, "गिळ गं राणी, गिळ!" चिमणी रडली. तिचे हात धरून मीही रडले. आठवड्यात दोनशे ग्रॅम वाढलीय.

हे पत्र टाकणार नाही. वाचून तू स्वतःलाच बोल लावशील. तू तासन्‌तास वाटी-चमचा घेऊन तिची मनधरणी करायचीस. तुझं काही चुकलं नाही, आई. रविवारी येऊन समोरच सांगेन.

आज नळीतून दूध जात होतं, तेवढा वेळ ती माझ्या मांडीवर नुसती खेळत होती.

तुझी,
धाकटी