देवाची उपकरणी

३ ऑगस्ट १९४३
श्रावण लागला. म्हणजे देवाची उपकरणी दुप्पट. समई, ताम्हण, पळी-पंचपात्र, घंटा, शिवाय रुद्रासाठी अभिषेकपात्र. चिंच, राख, काथ्या. या कामाचा मला लहानपणापासून तिटकारा. बोटांच्या चिरांत चिंच गेली की जीव जातो! समईच्या नक्षीतलं काळं मेलं निघतच नाही. देवांना कुठं दिसतंय? सासूबाईंना दिसतं.

५ ऑगस्ट
आज पुणतांब्याचा बाजार. माहेरच्या बोळातले नूरमहंमदचाचा नगरहून कापडाचे गठ्ठे घेऊन आले होते. बाजाराला आले की आमच्या दारात डोकावतातच. ओट्याशी उभ्या उभ्या म्हणाले, "ताई, आईची तब्येत लई उतरलीया. सारखं तुमचंच नाव काढत्यात. येकदा येऊन जा."

सासूबाईंना विचारलं. "अगं, रुद्र चालू आहेत. माझी ही अशी कंबर. सोवळ्यातलं कोण बघणार? पोळा झाला की जा."

ह्यांना विचारलं. "आई म्हणते तसं कर."

रडू येईल असं वाटलं. आलं नाही. वाती वळत बसले.

६ ऑगस्ट
घासली.

९ ऑगस्ट
सोमवार. आज तर ढीगच होता. घासता घासता नगरचं मागचं दार आठवलं. मला पायरीवर बसवून आई हेच करायला लावायची. मग ताम्हणावर बोट ओढून बघायची. काळं लागलं की पुन्हा बस!

एकदा चुलत आजोबा वारले. दहा दिवस सुतक— उपकरणींना शिवायचंसुद्धा नाही. मी अंगणात उड्या मारल्या! आप्पा केवढ्यांदा ओरडले. आई मात्र तोंडाला पदर लावून हसली. जवळ येऊन हळूच म्हणाली, "नाच, नाच. लग्न होऊन गेलीस की माझ्या सुतकाची सुट्टी तुला तीनच दिवस बरं का!"

तेव्हा मला ती फार कमी वाटली होती.

१२ ऑगस्ट
राहीबाई बाहेरची भांडी घासता घासता म्हणाली, "वैनी, जाऊन या की वो. भांडी काय पळून चाललीत व्हय?"

"पोळा झाल्यावर जाणार आहे."

"तवर दुखणं थांबतंय व्हय?"

मी चिंच भिजत घातली.

१४ ऑगस्ट
सकाळच्या गाडीची शिट्टी इथवर ऐकू येते. नगरला जाणारी. पूर्वी ती ऐकली की हात थांबायचे. आता हात चालूच राहतात. सुनीती, तू काय दगड झालीस का? सोमवार झाला की पुन्हा विचारणार आहे. "आईला बघून दुसऱ्याच दिवशी परत येते," असं म्हणेन.

१६ ऑगस्ट
सोमवार. पाहुणे. विचारायचं राहिलं.

१७ ऑगस्ट
चिंच भिजवून घासायला बसणार तोच दाराशी नूरमहंमदचाचांचा आवाज. आज बाजार नव्हता. डोकावून बघितलं— गठ्ठे नव्हते, हात रिकामे. सासूबाईंशी काहीतरी हलक्या आवाजात बोलले.

सासूबाई आत आल्या. खाली बसल्या, कंबर धरून. माझ्या पुढचं ताम्हण आपल्याकडे ओढलं.

"राहू दे, सुनीती. शिवू नकोस. मी घासते."

तीन दिवस.