टिकलीखालचा पिवळा दिवा

बाबा, गेल्या आठवड्यात तुमची गाडी दुरुस्त करून घेतली, आणि तेव्हापासून मी घरी लवकर पोहोचते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी चाळीत तिला अजून तुमचीच गाडी म्हणतात. कुणाची स्कूटर अडकली की खालून हाक येते, "अगं, बाबांची गाडी जरा पुढे घे!" ही मोडीत काढून नवी घे, असं सांगणारे पुष्कळ आहेत. एकट्या बाईला गाडी लागतेच कशाला, असं म्हणणारेही तेच, त्यामुळे मी दोन्हीकडे कानाडोळा करते. पण या वेळी ती धुराच्या चाचणीत नापास झाली. पीयूसीवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच धूर सोडत होते. मग चिंचपोकळीला तुमच्या मिस्त्रींकडे नेण्यावाचून इलाज उरला नाही.

तुम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या घाईने गाडी चालवलीत. साहेबांची मीटिंग, मॅडमचं विमान, त्यांच्या मुलांची शाळा. रिटायर झाल्यावर साहेबांचीच जुनी गाडी विकत घेतलीत, तेव्हा डिलाईल रोडवरच्या आपल्या चाळीत पेढे वाटले होते. तेव्हा ती झकास पळायची. गल्लीच्या तोंडाशी आलात की तुम्ही दोन छोटे हॉर्न द्यायचा, आणि आई हातातलं काम टाकून स्टोव्हवर आधण ठेवायची. "तुझो बापूस इलो," एवढंच म्हणायची. तुम्ही तीन जिने चढून दारात येईपर्यंत चहा कपात गाळलेला असायचा. एकदा तुम्हाला खाली कुणीतरी गप्पांत अडकवलं, तर चहा निवला म्हणून तिने तुमचा उद्धार केला होता आणि तुम्ही तो थंड चहा मुकाट्याने प्यायला होता. ते स्वयंपाकघर तसंच आहे, फक्त स्टोव्ह गेला आणि गॅस आला.

आई गेली त्याच वर्षी गाडी बिनसली. सिग्नलला उभी राहिली की थरथरायची आणि बंद पडायची. मिस्त्रींनी निदान केलं. इंजिनाच्या झडपा वेगाप्रमाणे लवकर-उशिरा उघडाव्यात म्हणून तेलाचा दाब सोडणारा एक छोटा सोलेनॉइड असतो, तो अडकून बसला होता. नवा मिळेपर्यंत त्याच्या वायरीचा प्लग काढून ठेवू, म्हणाले. प्लग काढल्यावर इंजिन शांत झालं. ओढ मात्र गेली. पुलावर चढताना एसी बंद करावा लागायचा, पेट्रोल जास्त प्यायची, आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा सतत जळत राहायचा. तो दिवा तुम्हाला बघवेना. आरशापाशी आईच्या टिकल्यांचं पाकीट तसंच होतं, त्यातली एक मरून टिकली आणून तुम्ही त्या दिव्यावर चिकटवलीत. तात्पुरतं म्हणून केलेलं ते काम कायमचंच झालं.

त्या दिवसांत तुम्ही मला संध्याकाळी गिरगावात ऑफिसखाली घ्यायला यायचा. एके दिवशी माझं डोकं दुखत होतं, भूक लागली होती, आणि सात रस्त्याला एक पाववाला सायकलवरून आपल्याला मागे टाकून गेला. मी चिडले. "बाबा, करून घ्या ना हो एकदाची दुरुस्त! लोक हसतात आपल्याला."

"हसांदेत," तुम्ही म्हणालात. "आपल्याक खंय शर्यत जिंकूची आसा?"

"शर्यत नाही, पण घरी तर जायचंय ना वेळेत?"

तुम्ही समोर बघत म्हणालात, "घराक जावन काय करतलंस? आवस चायचो कोप घेवन रवली हा काय थंय?"

मला ते फार लागलं. आई माझीही होती, आणि घरी जाऊन कुकर मलाच लावायचा होता. तुम्ही गल्लीत वळलात आणि हॉर्न दिला नाहीत. तो तुम्ही केव्हाच बंद केला होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मिस्त्री आता पार थकलेत. बॉनेटवर वाकले आणि तो सुटा प्लग बघून हसायलाच लागले. "अजून तसाच? ताई, बाबांना मी बोललो होतो, पार्ट आलाय, अर्ध्या तासाचं काम आहे. तर बोलले, राहू दे. परत बोललो, तर बोलले, मिस्त्री, बरी चाललीय, तिला हात लावू नको. मी म्हटलं, म्हातारा सटकला बहुतेक." मग माझा चेहरा बघून त्यांनी चहा मागवला. मी तो प्यायले. इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही चालढकल करताय. सकाळी दूध आणायला धावत जाणारे, साहेबांना कधी पाच मिनिटंही ताटकळत न ठेवलेले तुम्ही चालढकल कराल, हे मला खरं तरी कसं वाटलं?

नवा पार्ट बसला, प्लग लागला, दिवा विझला. मिस्त्रींनी विचारलं, "टिकली काढू?" मी नको म्हटलं. गाडी पीयूसीत पास झाली. आणि बाबा, काय पळते! चिंचपोकळीचा पूल एसी लावून चढली. मला क्षणभर आनंदच झाला, तुम्हाला दाखवावं असं वाटलं. मग उजेड असतानाच मी घरी पोहोचले. कुलूप काढलं, चपला काढल्या, सकाळचा कप विसळला. एका माणसाचा चहा किती पटकन होतो. तो पिऊन झाला तरी खाली मुलांचा खेळ संपला नव्हता. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम वरळीवरून वळसा घालून आले, तरीही वेळ उरलाच. मला एकटं वाटतं, बाबा. हे मी कुणाला सांगत नाही, चाळीत तर मुळीच नाही, कारण लगेच कुणीतरी ताटलीत काहीतरी घेऊन वर येईल आणि मला ते नको असतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, तर एक सांगून टाकते. काल ऑफिसमधून निघताना मी बॉनेट उघडलं आणि तो प्लग पुन्हा काढून टाकला. पुढच्या चाचणीच्या आधी लावीन. गाडी सुरू केल्यावर टिकलीच्या कडेने पिवळी रेघ उमटली. एसी बंद केला, काच खाली केली आणि तुमच्या वेगाने आले. सात रस्त्याला सगळे पुढे गेले. गल्लीच्या तोंडाशी हात हॉर्नवर गेला होता, पण दिला नाही. चाळीखाली गाडी लावून वर बघितलं, आपली खिडकी बंद होती. मग लगेच उतरले नाही, इंजिन थोडा वेळ तसंच चालू ठेवलं.