दिव्यावरची टिकली

१ जुलै

गणराजच्या ट्रकमध्ये माझी टिकली आहे!

कंपनीची बस चुकली म्हणून त्यानं चाकणच्या गेटवरून मला घेतलं. मागच्या उन्हाळ्यात ही गाडी नवी आली तेव्हा मी लातूरला माहेरी, बाळंतपणाला. त्यामुळे हिच्यात चढले ती आज पहिल्यांदाच. पायऱ्या केवढ्या उंच! बसले, आणि स्टेअरिंगच्या मागं, मीटरच्या काळ्या काचेवर एका कोपऱ्यात – मरून टिकली, कडेला सोनेरी ठिपका. माझ्याच पाकिटातली. ह्या माणसानं कधी गजरा आणला नाही. माझा वाढदिवससुद्धा मीच आठवण करून देते. रहाटणीला उतरेपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत होते, हसू आवरत नव्हतं म्हणून.

(तोंडावर 'अहो', इथं मात्र एकेरी. वही माझी आहे.)

२ जुलै

कंपनीत लाइनवर शेजारच्या रुपालीला सांगितलं. "नशीब काढलंस गं," म्हणाली. दिवसभर उगाचच खुशीत होते.

३ जुलै, गुरुवार

सुट्टी. डबा घेऊन ट्रकच्या यार्डात गेले. खरं कारण वेगळंच – टिकली विटली होती, नवी लावावी म्हटलं. गणराज खाली टायर बघत होता. गाडी नुकतीच फेरी करून आलेली, चावी चालूच होती. मी जुनी टिकली नखानं उचलली.

खाली पिवळा दिवा. एबीएसचा, ब्रेकच्या कॉम्प्युटरचा. फेरी करून आल्यावरही लागलेला.

क्षणभर कळेचना. मग कळलं आणि कानशिलं तापली. मी ज्या गोष्टीला प्रेम समजून दोन दिवस फुगले होते, ती बिघाडावर मारलेली चिकटपट्टी निघाली.

"अहो, दिवा दिसू नये म्हणून माझी टिकली लावली तुम्ही?"

तो वर चढून आला. दिव्याकडं बघितलं, मग माझ्या बोटावरच्या टिकलीकडं. मग म्हणाला, "चुकलं माझं."

एवढंच. भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही. डबा सीटवर ठेवला आणि निघून आले.

४ जुलै

बोलणं बंद आहे. सासूबाईंना वाटतंय मला बरं नाही.

राग नुसत्या दिव्याचा नाही, दुसऱ्या कुणाच्या बायकोनं कदाचित सोडूनही दिलं असतं. पण मी ॲक्सलच्या लाइनवर दिवसभर करते काय? चाकाच्या आतल्या दातेरी कड्यासमोर सेन्सर बसवते. ठोकायचा नाही, अंगठ्यानं दाबत न्यायचा, कड्याला टेकेपर्यंत. चाक फिरलं की दाते मोजून तो कॉम्प्युटरला सांगतो – हे चाक एवढ्या वेगानं फिरतंय. जोरात ब्रेक दाबला आणि एखादं चाक एकदम थांबायला लागलं, तर कॉम्प्युटर त्या चाकाच्या ब्रेकची हवा सोडतो, परत भरतो, परत सोडतो. चाक फिरत राहतं, म्हणून स्टेअरिंग ऐकतं. चाक थांबून नुसतं घसरायला लागलं तर कुणाचंच ऐकत नाही, आणि मागचा ट्रेलर पुढं येऊन गाडी मधोमध दुमडते.

दिवा लागला म्हणजे हे सगळं बंद. साधे ब्रेक तेवढे चालू. आणि पोर्टावरून स्टीलची कॉइल आणायला गणराज बोरघाट रिकाम्या ट्रेलरनं उतरतो. रिकामी गाडी तर जास्तच घसरते. पावसाळा चालू आहे. माझ्या अंगठ्याखालून किती सेन्सर गेले, आणि माझ्याच घरचा माणूस तसाच फिरतोय.

६ जुलै

गाडीच्या मालकाला फोन मीच केला. गाडी कासारवाडीला सयाजीकाकांकडं नेली. ते गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात, तिथल्याच जुन्या गावकऱ्यांपैकी. चष्मा कपाळावर, अर्धे पाय केबिनच्या बाहेर.

"पोरी, ब्रेकला काय झालेलं न्हाई. खंडेनवमीला केबिनला लायटिंग केली व्हती का?"

गणराज म्हणाला, "केली होती की. पोरांनी माळा लावल्या."

"त्या पोरांनी एबीएसच्या वायरीतनंच करंट घेतलाय. माळ काढली आन् जॉइंट तसाच ठेवला. ह्यो बघ, हिरवा पडलाय."

पूजा गाडीचीच, आणि तीच गाडी आंधळी करून ठेवली! मला हसायला आलं, पण मी बोलत नव्हते ना, म्हणून आवरलं. काकांनी वायर बदलली. चावी फिरवली – दिवा लागला, गाडी थोडी पुढं गेली आणि विझला. असाच विझायला हवा. विझलेल्या दिव्याकडं इतकं डोळे भरून मी कधी बघितलं नव्हतं.

७ जुलै

बोलले. कामापुरतं. जुन्या गाड्यांची सवय – घसरायला लागली की हा पायानं ब्रेक सोड-दाब करतो. म्हटलं, आता ते काम मशीनचं. तुम्ही दाबायचा आणि दाबूनच धरायचा. आणि स्टेअरिंग फिरवायला घाबरायचं नाही.

"पाय ऐकंल का पण?" म्हणाला.

खुर्चीवर बसवून पाटाच्या कडेवर पाय दाबायला लावला. मुलगा टाळ्या वाजवत होता. मग मी पण हसले.

१५ जुलै

जिवंत आहे. घरी आहे. जेवून झोपलाय.

सकाळी घाट उतरताना पाऊस, धुकं. एक कार डावीकडून आत घुसली आणि ह्याच्यासमोरच थांबली. "पाय उचलायला लागला होता," म्हणाला, "तू दिसलीस, पाटाजवळ बसलेली. दाबून धरला." खालून हवा सुटल्याचा आवाज – फुस्, फुस्, फुस्. स्टेअरिंग मोकळ्या लेनकडं फिरवलं. गाडी एवढी एकदम वळली की मागचा भाग सरकायला लागला, आणि तेवढ्यात कुणीतरी एका बाजूनं धरून ओढल्यासारखी सरळ झाली. ते गाडी स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेचं काम, तीही ह्याच सेन्सरांवर चालते. स्टेअरिंग कुठं बघतंय आणि गाडी खरंच कुठं चाललीय, ह्यात फरक पडला की कॉम्प्युटर आपणहून इंजिनाचा जोर कमी करतो आणि नेमक्या एखाद्याच चाकाला ब्रेक लावतो. हे मी त्याला जेवायला वाढता वाढता सांगितलं. कारमधल्यांनाही काही झालं नाही.

तो म्हणाला, "तू दिवा बघितला म्हणून." मी म्हटलं, सयाजीकाकांमुळं. पण ऐकून बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

१७ जुलै, गुरुवार

काकांना पेढे देऊन आले. "वायरच तर जोडली," म्हणून हात झटकले त्यांनी, पण पाच पेढे खाल्ले.

ती गाडी दुसऱ्याच कंपनीची, तिचे सेन्सर माझ्या हातचे नाहीत. कुठल्यातरी लाइनवर कुणीतरी अंगठ्यानं नीट दाबले. कोण असेल ती? तिला माहीतही नाही आणि माझ्या मुलाचा बाप घरी आला. आता मीही प्रत्येक सेन्सर दाबताना मनात म्हणते, जा बाई, कुणाला तरी घरी आण.

टिकलीचं माफ केलं. मनातून केलं.

२० जुलै

कुलदीप चहाला आला होता, ह्याच मालकाची दुसरी गाडी चालवतो. हसत म्हणाला, "वहिनी, टिकली काढली का गणराजची? लय चिडवायचो राव आम्ही त्याला. शोरूममधून गाडी आणली त्याच दिवशी लावली त्यानं. तुम्ही माहेरी होता ना."

त्याच दिवशी. वायर तर पुढं खंडेनवमीला बिघडली.

म्हणजे त्यानं काही झाकलंच नव्हतं. बंद गाडीच्या काळ्या काचेवर मला बसवलं होतं फक्त. दिवा नंतर कधीतरी माझ्या टिकलीखाली लागला, आणि त्याला तो कधी दिसलाच नाही. हे यार्डात त्याला कळलं होतं. सांगितलं असतं तर मी जन्मभर म्हणत बसले असते, माझ्या टिकलीनं घात केला असता. म्हणून "चुकलं माझं".

तो आत मुलाला खेळवतोय. मी काही विचारलेलं नाही. गुरुवारी यार्डात जाऊन नवी टिकली लावणार आहे – केबिनच्या छताला, जिथं कुठलाच दिवा नाही.